आधी रिकाम्या तलावाचा विचार करा

"आमच्या घरामागे १५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मोकळी जागा आहे. तिथे पोहण्याचा तलाव बांधायचं घरात ठरतंय. नवऱ्याला १० बाय ५ मीटरचा, एका टोकाला अडीच मीटर खोल आणि उडी मारायला फळी असलेला तलाव हवा आहे. मला मुलांना डुंबता आलं तरी पुरे. मुलगी ८ वर्षांची आहे, मुलगा ३ वर्षांचा. सासूबाईंना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं आहे. जागेला मागे थोडा उतार आहे, खालच्या अंगाला शेजाऱ्यांचं घर. जोराचा पाऊस झाला की तिथे दोन-दोन दिवस पाणी साचतं. कोपऱ्यात एक मोठं जुनं झाड आहे. ठेकेदाराने एका पानाचं अंदाजपत्रक दिलं आहे: खोदाई, आरसीसी, टाइल, मशिनरी आणि खाली एकच आकडा. त्याला काय विचारावं हेच कळत नाही. तलाव किती मोठा घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तलावाची मापं बघितली. दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडकलो: जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी साचतं. पत्रातली सगळ्यांत मोलाची माहिती हीच, आणि तुम्ही ती उतार आणि झाड यांच्या मध्ये ओघात लिहून टाकली आहे. ठेकेदाराला ती सांगितलीत का? आणि त्याने विचारली का? नसेल विचारली, तर त्याच्या त्या एका पानावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

(मी 'तलाव' म्हणतोय, 'पूल' नाही, याचं कारण एवढंच की पूल म्हटलं की मला नदीवरचा दिसतो. नोकरीची बरीच वर्षं त्यातच गेली.)

तलाव म्हटला की सगळे भरलेला तलाव डोळ्यांपुढे आणतात. निळं पाणी, दंगा करणारी पोरं, काठावर पाय सोडून बसलेली मंडळी. बांधणाऱ्याने मात्र दुसरेच दोन प्रसंग डोळ्यांपुढे आणायचे असतात. तलावात पाणी नाही, तेव्हा काय होईल? आणि तलावाकडे कोणाचं लक्ष नाही, तेव्हा काय होईल? या दोहोंची उत्तरं आधी कागदावर येऊ द्या. मग तुमची आणि यजमानांची मापांवरून चाललेली ओढाताण निम्मी तिथेच मिटेल.

पहिला प्रसंग घेऊ. तलाव रिकामा झाला तर तो तरंगतो. वाचायला विनोदी वाटतं, पण काँक्रीटचा तलाव जमिनीतून वर उचलला जातो, आणि हे मी स्वतःच्या चुकीने पाहिलं आहे. नोकरीत नवखा होतो. देखरेखीखालच्या एका तलावाचं पाणी हिरवं झालं, आणि चार दिवस धो धो पाऊस पडून गेल्यावर मी मोठ्या रुबाबात "सगळं उपसून टाका, घासून काढा" असं सांगून घरी गेलो. सकाळी आलो तर उथळ टोक चांगलं वीतभर वर आलेलं. भोवतीची फरशी उखडलेली, पाइप तुटलेले. भिंतीला एकही तडा नव्हता, हेच त्यातलं विशेष. बांधकाम अगदी पक्कं होतं, म्हणून ते अख्खंच्या अख्खं वर आलं.

हिशेब सोपा आहे. समजा तुमचा तलाव आतून ८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.३ मीटर पाण्याचा, भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाड. बाहेरून धरलं तर तो जमिनीत सुमारे ६० घनमीटर जागा अडवतो. भोवतालची जमीन काठोकाठ पाण्याने भरली, तर ते पाणी त्याला ६० टनांच्या आसपास जोराने वर ढकलतं. रिकाम्या तलावाचं स्वतःचं वजन ३५ ते ४० टन. म्हणजे जमिनीतलं पाणी तळापासून मीटरभर चढलं, तरी तराजू दुसऱ्या बाजूला झुकायला लागतो. एरवी त्याला खाली दाबून धरतं कोण? आतलं ४२ टन पाणी. ते तुम्ही काढून घेतलंत की संपलं.

म्हणून सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर: एका खड्ड्यापासून. तलाव जिथे यायचा आहे तिथे, त्याच्या तळाहून थोडा खोल, म्हणजे दोन मीटरच्या वर एक चाचणीचा खड्डा घ्यायला लावा. शक्यतो जमीन सगळ्यांत ओली असते त्या दिवसांत. त्याच्या बाजू ढासळू शकतात, तेव्हा हौस म्हणून कोणी आत उतरायचं नाही. मातीचे थर वरूनच बघायचे. मऊ भराव लागला का, मुरूम लागला का, खडक लागला का, की ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती आहे? मग दोन दिवस थांबून त्यात पाणी किती चढतं ते मोजा. या माहितीशिवाय दिलेला खोदाईचा दर आणि स्टीलचा आकडा दोन्ही अंदाजपंचे. फुगणारी माती निघाली तर तळ आणि भिंतींचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचा, ठेकेदाराच्या "आम्ही नेहमी असंच करतो"वर जायचं नाही.

पाणी चढत असेल तर तलाव करू नये असं नाही. तळाखाली खडीचा थर, त्यात भोकांचे पाइप, ते पाइप उतारावर एका छोट्या तपासणी-खड्ड्यात आणलेले, म्हणजे तिथलं पाणी बघताही येतं आणि पंपाने उपसताही येतं. शिवाय तळात सगळ्यांत खोल जागी एक झडप बसवतात. जमिनीतलं पाणी जोर करायला लागलं की ती उघडते आणि ते पाणी तलावात येऊ देते. तलाव मातकट होतो, पण जागचा हलत नाही. अंदाजपत्रकात या दोन्ही गोष्टी नावानिशी लिहून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांना एक नियम सांगून ठेवा: पाऊसपाण्याच्या दिवसांत तलाव पूर्ण रिकामा करायचा नाही, मग पाणी कितीही हिरवं होवो. हिरवं पाणी औषधाने आणि गाळणीने निवळतं.

वरून वाहत येणारं पाणी ही याचीच दुसरी बाजू. उताराच्या वरच्या अंगाला चर काढून ते पाणी तलावाला वळसा घालून गेलं पाहिजे. काठाची फरशीसुद्धा तलावाकडे नाही, तलावापासून बाहेरच्या बाजूला उतरती हवी, मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर. आणि ते सगळं शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडणार नाही, याची सोय आधी. भांडणं तलावावरून होत नाहीत, सांडपाण्यावरून होतात. गाळणीतून उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुताना दर खेपेला काही शे लिटर पाणी बाहेर पडतं, क्लोरीनसकट. ते झाडाच्या बुंध्याशी किंवा कुंपणापलीकडे सोडायचं नाही.

झाडाचं तुम्ही फक्त 'आहे' एवढंच लिहिलंत. ते राहू द्या आणि तलाव सरकवा. मुळं निदान फांद्यांच्या घेराइतकी पसरलेली असतात, बहुधा त्याहून जास्त. खोदाईत जाडजूड मुळं तोडली तर झाड एखाद्या वादळात तुमच्याच तलावात येईल. शिवाय पानगळ. सावलीतला तलाव गारही राहतो. घराच्या बाजूलाही फार चिकटू नका: घराच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांची तिरपी रेष खाली ओढायची, आणि खोदाई त्या रेषेच्या खाली जात असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय फावडं लावायचं नाही. जमिनीखाली पाण्याची, मैल्याची, विजेची लाइन कुठून गेली आहे हेही आधी शोधा. बांधकामाची परवानगी आणि हद्दीपासून सोडायचं अंतर यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ती चौकशी खड्ड्याच्याही आधी.

आता दुसरा प्रसंग: लक्ष नाही तेव्हा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमचा मुलगा ३ वर्षांचा आहे.

बुडण्याचा धोका जगभर सगळ्यांत जास्त १ ते ४ वर्षांच्या मुलांना असतो. आणि मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याखाली जातं आणि आवाज बंद. आपल्याला वाटतं, काही झालं तर ऐकू येईल. काहीही ऐकू येत नाही. पोहायच्या वेळेला सगळे सावध असतात. मूल पाण्यात जातं ते इतर वेळी. फोन वाजला, दार उघडं राहिलं, पाण्यावर एक चेंडू तरंगतोय. म्हणून पोहून झालं की एकही खेळणं पाण्यात किंवा काठावर ठेवायचं नाही.

कुंपण तलावाच्या चारही बाजूंना हवं. बरेच लोक तीन बाजूंना जाळी लावतात आणि चौथी बाजू म्हणून घराची भिंत धरतात. त्या भिंतीत दार असतं, आणि मूल घरातच असतं! तेव्हा घर आणि तलाव यांच्या मध्येही कुंपण. उंची निदान १.२ मीटर, गजांमध्ये आणि जमिनीलगत १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, पाय ठेवून चढता येईल अशा आडव्या पट्ट्या नकोत. फाटक तलावाच्या बाहेरच्या दिशेने उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं, आपोआप कडी लागणारं, आणि कडी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर. कुंपणाशेजारी खुर्ची, कुंडी, पंपाचा चौथरा असं काही चढण्याजोगं ठेवलंत तर १.२ मीटरचे ६० सेंटीमीटर होतात. हे कुंपण 'नंतर बघू' या यादीत जाऊ देऊ नका. तलावात पहिलं पाणी सोडण्याआधी फाटक चालू स्थितीत पाहिजे, असं करारातच लिहा.

पाण्यावर पसरायचं पातळ बुडबुड्यांचं आच्छादन म्हणजे संरक्षण नव्हे. ते बाष्पीभवन रोखायला उत्तम, पण मूल त्यावर पडलं तर त्याच्यासकट खाली जातं आणि वरून दिसतही नाही.

तळातल्या जाळीचं थोडं सांगतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो. जाळी एकच असेल आणि ती अंगाने किंवा केसांनी झाकली गेली, तर ओढ इतकी असते की मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. उपाय स्वस्त आहे: एकाच पंपाला जोडलेल्या दोन जाळ्या, त्यांच्यात निदान ९० सेंटीमीटर अंतर, आणि वर फुगीर, केस न अडकणारी झाकणं. एक झाकली गेली तर पंप दुसरीतून ओढतो. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २००७ साली खास कायदा करावा लागला. तुमच्या ठेकेदाराला विचारा, तळात किती जाळ्या? 'एक' म्हणाला तर नकाशा परत करा.

आणि माणसं. मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवलेलं, फक्त बघण्यासाठी. तुमचा धाकटा पाण्यात असेल तर ते माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यात. 'सगळे आहेत की' म्हणजे कोणीच नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, अशी एक म्हण आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात. ती लहान मुलांच्या बाबतीत विसरा. घरातल्या दोघांनी तरी तोंडाने श्वास देऊन छाती दाबण्याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तलाव पूर्ण होण्याआधी घ्या.

आता मापांकडे येऊ, तुमच्या घरातला वादाचा मुद्दा. यजमानांचा १० बाय ५ मीटरचा तलाव, सरासरी १.८ मीटर खोल धरला तर ९०,००० लिटरचा. मी वर धरलेला ८ बाय ४ चा, सुमारे ४२,००० लिटरचा. लांबीत फरक फक्त दोन मीटरचा, पाणी दुपटीहून जास्त. पंप, गाळणी, औषध, वीज, सगळं त्या पाण्याच्या मागे जातं, दर महिन्याला, पुढची वीस वर्षं.

उडीच्या फळीला माझा सरळ नकार आहे. स्पर्धेतल्या १ मीटर उंचीच्या फळीखाली सुमारे साडेतीन मीटर पाणी असतं, आणि तेही बऱ्याच लांबीपर्यंत. घरच्या तलावात अडीच मीटरचं खोल टोक पुढे लगेच चढायला लागतं आणि सूर मारणाऱ्याचं डोकं नेमकं त्या चढावर येतं. मानेत मज्जारज्जूला दुखापत झाली तर ती सहसा पूर्ण बरी होत नाही. खोल टोक काढून टाकलंत तर खोदाई कमी, पाणी कमी, तरंगण्याची भीतीही कमी. १.१ मीटरपासून हळूहळू १.५ मीटरपर्यंत उतरणारा तळ सासूबाईंना चालायला, मुलीला शिकायला आणि यजमानांना पोहायला पुरतो. मुलाच्या मात्र यातल्या कुठल्याही भागात पाणी डोक्यावरून जाईल. त्याच्यासाठी एका कडेला ३० सेंटीमीटर पाण्याचा रुंद ओटा ठेवता येईल, तुम्ही त्यावर शेजारी बसलात तरच.

लांब पोहायचं आहे हे यजमानांचं म्हणणं मी समजू शकतो. पण ८ काय आणि १० काय, दोन हात जास्त मारले की भिंत. खरंच व्यायाम हवा असेल तर काठाच्या हुकाला लवचिक दोरी आणि कमरेला पट्टा बांधून जागच्या जागी अर्धा तास पोहता येतं. दिसायला गोठ्यातल्यासारखं दिसतं, पण दम निघतो.

सासूबाईंसाठी शिडी नको, पायऱ्या. सगळ्यांची उंची एकसारखी, २० सेंटीमीटरच्या आसपास, पाऊल पूर्ण बसेल एवढी रुंदी, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी आणि धरायला कठडा. पाण्यात पायरीची कड दिसत नाही, म्हणून ती पट्टी.

बांधकामाच्या पद्धतीत तुमच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. फायबरची तयार टाकी क्रेनने आणून ठेवायची: झटपट होते, पण क्रेन मागे पोचली पाहिजे आणि हलकी असल्यामुळे तरंगायला तीच सर्वांत पुढे. प्लॅस्टिकच्या अस्तराचा तलाव: सुरुवातीला स्वस्त, पण अस्तर दहाएक वर्षांनी बदलावं लागतं आणि टोकदार वस्तूंचं त्याला वावडं. तिसरी वाट काँक्रीटची. साचा लावून ओता किंवा नळीने फवारा. फवाऱ्याचं काँक्रीट शोधलं कार्ल एकली नावाच्या माणसाने, आणि तो इंजिनिअर नव्हता. संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून ते जिवंत दिसतील असे करणं हा त्याचा धंदा! १९०७ च्या सुमारास शिकागोच्या संग्रहालयाच्या पडक्या भिंती दुरुस्त करायला त्याने ते यंत्र बनवलं. तुमचा ठेकेदार फवारा मारणार असेल तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. भिंतीवर आपटून खाली पडलेला माल उचलून कोपऱ्यात किंवा पायरीत भरू देऊ नका. तो मेलेला माल असतो. बहुतेक गळत्या तिथूनच निघतात.

ओतीव काँक्रीट असेल तर तळ आणि भिंतीच्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी टाकली आहे ना, आणि सळईवर काँक्रीटचं आवरण निदान ५ सेंटीमीटर आहे ना, हे ओतण्याआधी बघून घ्या. मग पाणी मारणं, किमान ७ दिवस सलग. मजूर दुपारी गायब होतात तेव्हा तुम्हीच नळी धरा. पाइपलाइनमध्ये काँक्रीटच्या आधी दाबाने पाणी भरून ठेवायचं, दाबमापकाचा काटा खाली आला तर कुठेतरी पाणी मुरतंय, शब्दशः. सगळे पाइप झाकले जाण्याआधी त्यांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी गळतीसाठी फरशी फोडायची वेळ आली तर हे फोटो तुम्हाला अर्धं अंगण वाचवून देतील.

टाइल लावायच्या आणि भोवती माती भरायच्या आधी तलाव भरून आठवडाभर ठेवायचा आणि बाहेरून ओल दिसते का ते बघायचं. पुढे वापरात पाणी कमी होतंय असं वाटलं तर बादलीचा प्रयोग: तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने सारखी करा, २४ तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर बाष्पीभवन. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. ८ बाय ४ च्या तलावातून दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तरी १६० लिटर होतात, तेव्हा लगेच ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडू नका, आच्छादन पसरा.

टाइलच्या रंगावर तुमचा सगळ्यांचा बराच वेळ जाईल. जाऊ द्या. मी एवढंच म्हणेन की तळाचा रंग फिका असावा, म्हणजे तळाशी काही असेल तर दिसतं. काठाची फरशी ओल्या पायाला खरखरीत लागली पाहिजे. दुकानात ती ओली करून अनवाणी पाहा.

'मशिनरी' या एका शब्दाखाली काय काय दडलंय ते उलगडून घ्या. रोज सुमारे आठ तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघावं, हा घरगुती तलावाचा सर्वसाधारण हिशेब. ४२,००० ला ८ ने भागा: ताशी सव्वापाच हजार लिटर. याहून फार मोठा पंप म्हणजे गाळणीतून पाणी नुसतं धावत जातं आणि मीटरही धावतो. कमी-जास्त वेगाने चालणारा पंप घ्या. वेग निम्मा केला की लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. पाणी निम्मंच वाहतं म्हणून दुप्पट वेळ चालवला, तरी एकूण खर्च पावच. पृष्ठभागावरचा कचरा ओढणारी खाच, स्किमर, वारा ज्या दिशेने वाहत जातो त्या टोकाला हवी. वारा पानं आयती आणून देतो. काठोकाठ भरून वाहणारा तलाव देखणा असतो खरा, पण त्याला वाहून गेलेलं पाणी धरायला वेगळी टाकी लागते. तुमच्या जागेत मी त्यात पडणार नाही.

वीज आणि पाणी एकत्र येतं तिथे काटकसर नको. तलावातले दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच, आणि सळया, कठडे, पंप असे सगळे धातूचे भाग एकमेकांशी जोडून अर्थिंग. परवानाधारक वायरमनकडून, त्याच्या सहीनिशी.

पाण्याच्या औषधांबद्दल वेगळं पत्र लिहिलंत तर सविस्तर सांगेन, पण नियोजनाला लागेल तेवढं आता. मोकळं, म्हणजे कशाशी संयोग न झालेलं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६. पीएचला कमी लेखू नका. ७.२ ला क्लोरीनचा दोन-तृतीयांश भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. लोक मग क्लोरीन ओततच राहतात. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तो जास्त क्लोरीनचा असं सगळे समजतात. प्रत्यक्षात घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा तो वास. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ हा त्यावरचा पहिला उपाय, म्हणून काठाजवळ एक शॉवर आताच नकाशात घाला. 'खाऱ्या पाण्याचा तलाव, क्लोरीन नाही' असं कोणी विकायला आलं तर ऐकून घ्या आणि हसा: ते यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ, समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढं, तुमच्या तलावाला जवळजवळ १५० किलो. सोय आहे, जादू नाही.

औषधांना पंपाच्या खोलीत जागा देऊ नका. क्लोरीन आणि आम्ल वेगवेगळ्या, कुलपाच्या, हवेशीर जागी. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो. दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीन पावडरसुद्धा एकाच डब्यात मिसळायची नाही, पेट घेते. आणि औषध नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी औषधावर कधीच नाही.

ठेकेदाराला आता काय विचारायचं ते बहुतेक तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या चार शब्दांचा चार पानांचा तपशील मागा: खोदलेल्या मातीचं काय करणार (जागेवर ९० घनमीटर खोदलं तर मोकळी माती ११० च्या वर भरते, मोठ्या ट्रकच्या डझनभर खेपा, आणि त्या कुठल्या वाटेने जाणार?), तळाखालचा निचरा, झडप, सळईचा नकाशा आणि त्यावर सही कोणाची, पंप-गाळणीचं मॉडेल, कुंपण त्याच्याकडे की तुमच्याकडे. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या आणि शेवटचा हप्ता तलाव भरून, गाळणी महिनाभर चालवून, बादलीचा प्रयोग झाल्यावर. तो कुरकुरेल. चांगला ठेकेदारही कुरकुरतो, पण तो मान्य करतो.

तोवर चाचणीचा खड्डा घ्या आणि दोन दिवसांनी त्यात पाणी किती चढलं ते मला कळवा, मग खोलीचं नक्की करू. खड्डा खणला की त्याच संध्याकाळी त्यावर जाड फळ्या टाका आणि भोवती जाळी लावा. मुलगा ३ वर्षांचा आहे.